आज कोन मरी गया, गुर्जी?

“आज कोन मरी गया, गुर्जी?”

सकाळी साडेदहाला फाटकातून मोटारसायकल आत घेतली की समोरच्या निंबाखाली बसलेले आबा हा प्रश्न टाकतात. परगावच्या माणसाला वाटावं, गावात साथ आली आहे. तसं काही नाही. आबांना दिनविशेष पाहिजे असतो. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे शाळेचा फळा निंबाखालून दिसत नाही. पेपर येतो दुपारच्या एसटीनं, तोही सरपंचांकडे. म्हणून जगभरातल्या मयतांची पहिली खबर त्यांना माझ्याकडून लागते.

अमळनेरपासून दहा-बारा किलोमीटरवरचं गाव, गावात आमची शाळा, शाळेच्या व्हरांड्यात चार बाय तीनचा फळा. अकरा वर्षांपूर्वी मी इथे रुजू झालो, हजेरीपटावर सही केली, आणि तेवढ्यावरून हेडसर म्हणाले, “वा! अक्षर छान आहे तुमचं.” मी लाजलो. लाजायला नको होतं. शिक्षकाच्या नोकरीत चांगलं अक्षर ही एक व्याधी आहे. ज्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, तो पोषण आहाराची खिचडी चाखून निवांत वर्गात जातो. चांगल्या अक्षरवाल्याच्या वाट्याला प्रमाणपत्रं, निरोप समारंभाची मानपत्रं, मतदार याद्या आणि रोजचा दिनविशेष.

“सोपं आहे हो,” हेडसर म्हणाले. “एक जन्म, एक मृत्यू, एक घटना, खाली सुविचार. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटं लिहायला लागतात हे खरं. पण काय लिहायचं, हे ठरवायला आदली रात्र जाते. जेवण झालं की मी डायरी, दोन जुन्या दिनदर्शिका आणि मोबाइल घेऊन बसतो. बायको भांडी आवरता आवरता विचारते, “अहो, सापडलं का उद्याचं मढं?” घरात असं बोलणं बरं दिसत नाही, पण मीच सवय लावली आहे.

तारखांचा स्वभाव गुरांसारखा असतो. काही दुभत्या, काही भाकड. २८ डिसेंबर घ्या. १८८५ साली याच दिवशी मुंबईत काँग्रेस स्थापन झाली. १९२६ साली नंदुरबारच्या शिरीषकुमारचा जन्म. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष पंडित नेहरू. शिवाय धीरूभाई अंबानी १९३२चे आणि रतन टाटा १९३७चे, दोघेही याच तारखेचे. म्हणजे फळ्याला खालून ठिगळ जोडावं लागतं. आणि काही दिवशी रात्री बारापर्यंत चाळूनही बेल्जियमचा कुठला तरी सायकलपटू हाती लागतो. अशा एका भाकड दिवशी मी आबांना म्हटलं, आज काही नाही. आबांना पटेना. गेल्या वर्षी याच दिवशी त्यांची म्हैस व्याली होती, आणि जुळी नसली तरी पारडी होती, हे लिहिण्यासारखं नाही का, असं त्यांचं म्हणणं. बेल्जियमच्या सायकलपटूपेक्षा ते निश्चितच लिहिण्यासारखं होतं.

पण खरी कसोटी नावं शोधण्यात नाही, क्रियापदात आहे. मराठीत माणूस नुसता मरत नाही. त्याचं निधन होतं, देहावसान होतं, त्याला वीरमरण येतं, तो समाधी घेतो, कालवश होतो, आणि काहीच जमलं नाही तर पुण्यतिथी होते. आपल्या माणसांचं ठरलेलं असतं. परदेशी माणसं अडवतात. ५ मार्चला स्टॅलिन. १९५३ साल. ‘निधन’ लिहावं तर उगाच सोयरिक असल्यासारखं वाटतं. ‘मृत्यू’ लिहावं तर पोलीस पाटलाचा पंचनामा. पुण्यतिथी तर शक्यच नाही, पुण्याचा प्रश्न येतो. शेवटी मी लिहिलं, ‘स्टॅलिन यांचा स्मृतिदिन’. हेडसरांनी बोलावून विचारलं, “आपण यांची स्मृती ठेवतो का?”

हेडसर माणूस चांगला. फक्त पहाटे उठतो आणि मोबाइल उघडतो. एका १४ फेब्रुवारीला सव्वापाच वाजता त्यांचा निरोप आला: आजच्याच दिवशी भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली, तरुण पिढी मात्र भलतेच दिवस साजरे करते, फळ्यावर मोठ्या अक्षरात घ्या. मी शाळेत पोचताच त्यांना दाखवलं की फाशी लाहोरला २३ मार्च १९३१ रोजी झाली, आणि शिक्षा सुनावली ती तारीखसुद्धा ७ ऑक्टोबर १९३०. फाशीत किंवा शिक्षेत फेब्रुवारी कुठेच नाही.

“अहो, पण चार ग्रुपवर आलंय.”

“पुस्तकात वेगळं आहे, सर.”

“पुस्तक जुनं असेल.”

त्यावर काय बोलणार? मी फळ्यावर ती जागा कोरी ठेवली. हेडसरांनी स्वतः खडू घेतला आणि त्यांच्या अक्षरात, म्हणजे वर सांगितलेल्या कोंबडीच्या, लिहून टाकलं. पुढे महिनाभरानं २३ मार्चला मी रांगोळीच्या नक्षीसकट खरी तारीख लिहिली. प्रार्थना संपली आणि सहावीतला एक मुलगा मनापासून म्हणाला, “सर, परत फाशी?”

२३ एप्रिल मला फार छळतो. जागतिक पुस्तक दिन. त्या तारखेला, १६१६ साली, शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हांतेस असे दोघं गेले, असं सगळीकडे छापलेलं असतं. मीही सलग सहा वर्षं हळहळत लिहिलं: एकाच दिवशी दोन सूर्य मावळले. सातव्या वर्षी कळलं की छापलेली तारीख एक असली तरी दिवस एक नव्हता. स्पेननं तेव्हा पोपची नवी दिनदर्शिका घेतली होती, इंग्लंडनं घेतली नव्हती. दोन्ही देशांच्या २३ एप्रिलमध्ये दहा दिवसांचं अंतर. म्हणजे सर्व्हांतेसचा दहावा घालायची वेळ झाली तेव्हा कुठे शेक्सपिअर गेला.

ही चूक सुधारायला मी सातवीच्या वर्गात घुसलो, तीच दुसरी चूक. जुनी दिनदर्शिका सूर्यापेक्षा मागे पडत चालली होती. तो हिशोब जुळवण्यासाठी १५८२ साली इटली, स्पेन वगैरे देशांत ४ ऑक्टोबरला रात्री झोपलेली माणसं १५ ऑक्टोबरला उठली, मधले दहा दिवस उडवले, इंग्रजांना ही अक्कल १७५२ साली आली आणि तोवर त्यांना अकरा दिवस उडवावे लागले, असं मी रंगवून सांगितलं. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून हात वर. “सर, पण ज्याचा वाढदिवस ५ ऑक्टोबरला असंल?” मी म्हटलं, त्या वर्षी झाला नाही. मुलाला फार वाईट वाटलं. स्टाफरूममध्ये हीच गोष्ट सांगितली, तर गणिताच्या सरांनी वेगळाच मुद्दा काढला: त्या दहा दिवसांचा पगार निघाला का? त्या दुपारी संबंध स्टाफ पंधराशे ब्याऐंशीच्या थकबाकीवर बोलत होता.

महाराजांच्या जयंतीच्या तारीख-तिथीबद्दल मात्र मी चकार शब्द काढणार नाही. मला याच गावातून निवृत्त व्हायचं आहे.

सगळेच दिवस असे हसण्यावारी जात नाहीत. ९ सप्टेंबर. १९४२ साली याच दिवशी नंदुरबारला मुलांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता गेला, त्याच्यासोबत आणखी चौघं. मी फळ्यावर लिहीत होतो. पांढरा खडू मध्येच मोडला, म्हणून तारखेचा आकडा पिवळ्यानं काढत होतो. मागे आठवीची तीन पोरं उभी. एकानं आपलं हळूच सुचवलं, “सर, आज अक्षयकुमारचाबी वाढदिवस शे. लिखा ना.” खरं होतं ते, १९६७चा. मी काही बोललो नाही, लिहीत राहिलो. दुसऱ्यानं वाचलं आणि बोटांवर हिशोब केला. डिसेंबर सव्वीस ते सप्टेंबर बेचाळीस. “सर, पंधरा?” म्हटलं, पंधरा. पुढच्या महिन्यात त्या मुलाला पंधरावं लागणार होतं, हे मला हजेरीपटावरून माहीत होतं. त्यानं खाली पडलेला खडूचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. अक्षयकुमारचं नाव परत कोणी काढलं नाही.

हजेरीपटावरून आठवलं. आमच्या गणिताच्या सरांचा एक आवडता चमत्कार आहे. वर्गात नुसती २३ मुलं असली, तरी त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कुणालाही सांगा, खरं वाटत नाही. सरांनी ते गावातल्या जुन्या लोकांवर सिद्ध करायचं ठरवलं आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पहिल्याच पानावर गणित कोसळलं. चोवीस नावं, पैकी एकोणीस जणांचा जन्म १ जून.

खानदेशात जन्मलेल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आई-बाप पोराला घेऊन शाळेत यायचे. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, कापूस वेचणीच्या दिवसांत. आई सांगायची, नाही, कानबाईच्या सणाच्या रोटांच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजी वैतागून पोराकडे बघायचे, त्याचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पुरतोय का तपासायचे, आणि जूनमध्ये शाळा उघडताना सहा वर्षं भरावीत अशा बेतानं ठोकून द्यायचे: एक जून. एवढी माणसं एका दिवशी जन्माला घालणारा सुईणींचा विक्रम जगात दुसरा नसेल.

मीही त्यातलाच. माझी आई सांगायची, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधला, दुसऱ्या दिवशी सोडायच्या आत तू झालास. म्हणजे माझा खरा वाढदिवस वैशाखात, आखाजीबरोबर दरवर्षी इकडेतिकडे सरकणारा. कागदावर मात्र १ जून. फेसबुकवर त्या दिवशी आमच्या पिढीचं संमेलन भरतं. सगळे सगळ्यांना शुभेच्छा देतात, आणि देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं की हे काही खरं नाही. सरकारचा नियमही असा की महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असला तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त व्हायचं. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी निम्म्या खात्याला नारळ आणि शाल मिळते. माझ्या नारळाला अजून दोन वर्षं आहेत.

पण १ जून या दिवसाची एक गोम आहे. यंदापर्यंत मी तो फळ्यावर कधीच लिहिला नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी! एकूणच मे महिन्यात जन्मलेल्या-गेलेल्यांवर माझ्या हातून अन्याय झाला आहे. रवींद्रनाथ ७ मेचे, गोखले ९ मेचे, कर्मवीर भाऊराव पाटील गेले तेही ९ मेला, अहिल्यादेवींची जयंती ३१ मे. कोणीच नाही. सगळ्यांत जिवाला लागतो तो आपल्या धरणगावला जन्मलेला बालकवी. ५ मे १९१८, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला, तिशीही गाठली नव्हती. त्याच दिवशी तिकडे कार्ल मार्क्सच्या जन्माला शंभर वर्षं पुरी होत होती, आणि नेपोलियन गेला तोही ५ मेलाच, १८२१ साली. इतकी दुभती तारीख, आणि शाळेला कुलूप.

हे मी एकदा आबांना सांगितलं. यंदा एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, निकाल वाटून झाल्यावर, त्यांनी हाक मारली. ऊन असं की निंबाची सावलीसुद्धा भाजत होती. आबा म्हणाले, “गुर्जी, सुट्टीमा कोन कोन मरस, ते आजच लिखी ठेव ना.”

हरकत नव्हती. मी खडूची नवी पेटी फोडली आणि अख्खा मे महिना फळ्यावर उतरवला. घाम मनगटावरून कोपरापर्यंत, त्यावर खडूची भुकटी, हात सारवल्यासारखा झाला. बालकवीला मधोमध जागा दिली. खाली दोन बोटं जागा उरली, तिथे १ जून: १९३०, दख्खनची राणी सुरू. १९४८, पहिली एसटी, पुणे ते अहमदनगर. आबांना सगळं वाचून दाखवलं. एसटी त्यांना फार आवडली. बाकीच्यांबद्दल त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, “हाई आपला शे का बाहेरना?”

१५ जूनला शाळा उघडली. सुट्टीत वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. झडीनं रवींद्रनाथ निम्मे पुसले होते, गोखले शाबूत होते. आणि अगदी खाली, पहिल्या एसटीच्या शेजारी, कोणीतरी विटकरीच्या तुकड्यानं वेड्यावाकड्या अक्षरात भर घातली होती:

‘गुर्जीना वाढदिस. (खोटा)’