गरिबांचा वाटा आधी काढा, मग बाकीचा हिशेब

सणाचा हिशेब चर्चच्या फलकावर लागला की वसईत दर वर्षी तीच चर्चा सुरू होते. एक बाजू म्हणते, "आपला पैसा फादर लोकांवरच खर्च होतो, गरिबाला काय मिळतं?" दुसरी म्हणते, "घरदार सोडून आलेल्या माणसाला आता उपाशी ठेवायचं का?" दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात. पण पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या धर्मग्रामाची, जमाखर्चाची वही समोर ठेवून बसलं तर वेगळंच दिसतं. गरिबाचा वाटा बहुतेक वेळा फादरांच्या ताटात जात नाही. तो मंडप, रोषणाई, बँड आणि नव्या ग्रॅनाइटमध्ये जातो, कारण वहीत त्याला स्वतःचं पानच नसतं. सगळे खर्च भागल्यावर जे उरेल ते दानधर्माच्या खात्यात. उरतं किती, ते आपण पाहूच.

कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, याबाबत स्पष्ट आहे. १९८३ च्या कॅनन लॉचं कलम १२५४ चर्चने मालमत्ता कशासाठी बाळगावी हे सांगतं: उपासना, धर्मगुरूंचा योग्य निर्वाह, आणि प्रेषितकार्य व दयेची कामं, विशेषतः गरजूंसाठी. म्हणजे फादर आणि गरीब एकाच वाक्यात आहेत, एकमेकांच्या विरोधात नाहीत. बायबलातही तसंच. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) गावातच साठवायला सांगितला आहे आणि त्यावर लेवी (म्हणजे मंदिराची सेवा करणारा), परका, अनाथ आणि विधवा या चौघांचाही हक्क आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नकोस, हे वचन प्रेषित पौल धर्मसेवकांच्या निर्वाहासाठीच वापरतो. आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलासियस यांनी चर्चच्या उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले: एक बिशपचा, एक धर्मगुरूंचा, एक गरिबांचा, एक इमारतींचा. त्यात गरिबांचा भाग ठरलेला आहे, उरलासुरला नाही. मला वाटतं, आपण नेमकं हेच विसरलो.

आता आकडे. समजा आठशे कुटुंबांची पॅरिश आहे, दोन फादर आहेत. सगळ्या मिस्सा (उपासनाविधी) मिळून रविवारचं दान सरासरी २५,००० रुपये, म्हणजे ५२ रविवारांचे १३ लाख. नाताळ, ईस्टर, सणाच्या देणग्या, हॉलचं भाडं वगैरे ७ लाख. एकूण २० लाख. खर्चात दोन फादरांचा भत्ता महिना १५,००० प्रमाणे ३,६०,०००. त्यांच्या स्वयंपाकघराचा बाजार, गॅस आणि स्वयंपाकिणीचा पगार महिना ३०,००० धरला तर आणखी ३,६०,०००. आरोग्य विमा आणि औषधं ६०,०००. झाले ७,८०,०००, म्हणजे ३९ टक्के. चर्चची रोजची व्यवस्था पाहणारा आणि रखवालदार, दोघांना १४,००० प्रमाणे ३,३६,०००. वीज, पाणी, किरकोळ दुरुस्ती ३ लाख. सण अडीच लाख. धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाचा, वाटा २ लाख. बेरीज १८,६६,०००. उरले १,३४,०००, जेमतेम पावणेसात टक्के. ज्या वर्षी पावसात छप्पर गळतं त्या वर्षी तेही नाहीत.

एकदम चौथा हिस्सा काढा म्हटलं तर अशी पॅरिश मोडेल. पण १५ टक्के काढता येतात. ३ लाख हवेत, १,६६,००० कमी पडतात. सणाच्या मंडप-रोषणाईतून एक लाख कमी करा, पुढे ढकलता येणाऱ्या रंगकाम-फरशीतून ६६,००० काढा. झालं. फादरांच्या जेवणातला एक रुपयाही कापला नाही. ज्यांना सण धूमधडाक्यात हवा त्यांनी सणाची वर्गणी वेगळी काढावी, तिची पावती वेगळी असावी. रविवारच्या दानाला तिने हात लावू नये.

महत्त्वाची गोष्ट ही की वाटा आधी निघाला पाहिजे. रविवारी पैसे मोजले, सोमवारी बँकेत भरले, की त्याच दिवशी १५ टक्के दुसऱ्या बचत खात्यात वळवायचे. २५,००० जमले तर ३,७५०. मार्चअखेर एकरकमी देऊ म्हटलं की ते पैसे तोवर कुठल्यातरी कंत्राटदाराच्या बिलात गेलेले असतात. या खात्यातून उसनवारी नको. अगदी अडलंच तर अर्थसमितीच्या इतिवृत्तात रक्कम, कारण आणि परतफेडीची तारीख लिहूनच.

मोजणीही नीट हवी. एकमेकांचे नातेवाईक नसलेली किमान दोन माणसं, दर रविवारी आळीपाळीने वेगळी. नोटांच्या मूल्यानुसार तक्ता भरायचा, दोघांनी सही करायची, पिशवीला सील लावायचं. मोजणारा आणि वही लिहिणारा एकच नसावा. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा केले तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात ते सविस्तर आहे. फादरांवर अविश्वास म्हणून ही पद्धत नसते. उद्या कुणी आळ घेतला तर हाच तक्ता फादरांची बाजू घेतो.

संत अंतोनीच्या पेटीचं तर स्वतंत्र सांगायला हवं. त्या पेटीत लोक नवस फेडायला पैसे टाकतात ते गरिबांच्या भाकरीसाठी, ही जगभरची रीत आहे. कॅनन लॉचं कलम १२६७ सांगतं की ज्या हेतूने दान दिलं त्याच हेतूसाठी ते वापरायचं. म्हणून ती पेटी वेगळी उघडायची, वेगळी मोजायची आणि सगळी रक्कम गरिबांच्या खात्यात टाकायची, १५ टक्क्यांच्या वर. ती सर्वसाधारण दानात मिसळणं मला गंभीर चूक वाटते, कारण ज्या बाईने वीस रुपये टाकले तिने ते विजेच्या बिलासाठी टाकले नव्हते.

आता फादरांच्या निर्वाहाबद्दल. लोकांचा इथे एक मोठा गैरसमज आहे. धर्मप्रांतीय फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. ब्रह्मचर्य आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन ते देतात. दारिद्र्याचं व्रत येशूसंघीय, फ्रान्सिस्कन अशा संघातल्यांचं असतं आणि त्यांचा खर्च त्यांचा संघ पाहतो. धर्मप्रांतीय फादरांना आपले कपडे, प्रवास, पुस्तकं, फोन, आजारी आईवडिलांना द्यायचे चार पैसे हे सगळं भत्त्यातूनच भागवावं लागतं. भत्ता अपुरा ठेवला की काय होतं? पाकिटं सुरू होतात. घर आशीर्वादित करायला पाकीट, लग्नाला पाकीट, रौप्यमहोत्सवाला पाकीट. मग पाकीट देणाऱ्या वाडीत फादर जास्त दिसतात आणि न देणाऱ्या वाडीत कमी, आणि दोष माणसाला लागतो. त्यापेक्षा भत्ता पुरेसा द्या, आरोग्य विमा पॅरिशने भरा, निवृत्त आणि आजारी धर्मगुरूंच्या निधीत दर वर्षी ठरलेली रक्कम टाका. कलम २८१ फादरांच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय करायलाच सांगतं, आणि पुढचंच कलम २८२ त्यांना साधेपणाने राहायला आणि उरलेलं चर्चच्या व दयेच्या कामाला द्यायला सांगतं. दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत. ज्या फादरांना अनुदानित शाळेचा सरकारी पगार आहे त्यांचा भत्ता ठरवताना तो पगार धरायला हरकत नसावी, मात्र त्यावर टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो हे लक्षात ठेवून. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

मिस्साच्या दक्षिणेचा नियमही माहीत हवा. फादरांनी एका दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी नाताळचा दिवस सोडून स्वतःसाठी एकाच मिस्साची दक्षिणा ठेवायची, बाकीची बिशपांनी ठरवलेल्या कामाला जाते. कलम ९५१. दक्षिणेची रक्कम ठरलेली असते, आणि पैसे नाहीत म्हणून गरिबाला संस्कारापासून वंचित ठेवायचं नाही हे कलम ८४८ मध्ये आहे. हे फलकावर मोठ्या अक्षरात लावा. काही कुटुंबं केवळ लाजेपोटी वडिलांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगायला येत नाहीत.

चर्चच्या पगारावर असलेली माणसं, म्हणजे स्वयंपाकीण, रखवालदार, दफनभूमी साफ करणारा, यांचा उल्लेख या वादात कुणी करत नाही. वरच्या हिशेबात मी रखवालदाराचे १४,००० धरले. तुमच्या पॅरिशमध्ये काय मिळतं ते किमान वेतनाच्या दराशी ताडून पाहा. महागाईचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, पगार मात्र बहुतेक ठिकाणी कुणी आठवण केल्याशिवाय बदलत नाही. आपल्याच अंगणात झाडू मारणाऱ्याला कमी पगार देऊन त्यालाच नाताळात धान्याचं पाकीट द्यायचं, हा दानधर्म नव्हे. तो फरक पगारात टाका.

प्रोटेस्टंट मंडळ्यांचं गणित निराळं आहे. तिथे पाळकाला बायकामुलं, शाळेची फी, घरभाडं. चाळीस कुटुंबांच्या छोट्या मंडळीत निम्म्याहून जास्त दान पगारातच जाणार. तिथे पाळकाला दोष देण्यापेक्षा दोन-तीन मंडळ्यांनी मिळून एक पाळक ठेवावा.

गरिबांचे पैसे कधी आणि कसे द्यायचे, यात सर्वात जास्त चुका होतात. आपली किनारपट्टी आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या ओढून वर घेतलेल्या, आणि त्याच महिन्यात शाळा-कॉलेजची फी. दान मात्र डिसेंबरात भरपूर येतं आणि पावसात आटतं. म्हणून खात्यातले निदान ४० टक्के जूनसाठी राखून ठेवा. नाताळात सगळ्यांना एकसारखी धान्याची पाकिटं वाटून खातं रिकामं करू नका. डिसेंबरात मदत करणारे पुष्कळ असतात.

फी थेट शाळेच्या खात्यात, औषधाचे पैसे थेट दुकानात. किराण्यासाठी मात्र रोख द्या. घरात काय लागतं ते त्या बाईला समितीपेक्षा चांगलं कळतं. चौकशीला दोघांनी मिळून घरी जायचं, कागदावर नावाऐवजी क्रमांक लिहायचा, फोटो नाही. ज्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, ही गरिबांना मदत करणारी कॅथलिक संघटना, आहे तिथे जोडीने घरी जाण्याची ही शिस्त १८३३ पासूनची आहे, तिच्याकडेच काम द्या. अर्ज कोणाचे येतात तेही पाहा. दर वर्षी समितीच्या ओळखीतली तीच पाच घरं असतील तर वाड्यांमध्ये, पाड्यांवर जाऊन विचारायला हवं, आणि पाड्यावरचं आदिवासी कुटुंब ख्रिस्ती नाही म्हणून वगळायचं नाही.

मोठ्या आजारपणात चर्चने आपली तिजोरी आधी उघडू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हे मिळवायला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि तहसील कार्यालयातल्या फेऱ्या लागतात. समितीतला एक निवृत्त कारकून आठवड्यातून एक सकाळ या कागदांसाठी बसला तर ३ लाखांच्या खात्यातून अनेकपट मदत उभी राहते. खात्यातले पैसे मग प्रवास, बाहेरची औषधं आणि बुडालेल्या मजुरीसाठी उरतात, जे कुठलीच योजना देत नाही.

उलटी चूकही होते. खात्यात पैसे साचतात आणि कुणीतरी मुदतठेव करतो. गरिबांच्या पैशाची दहा वर्षांची ठेव कशासाठी? वर्षअखेर जमेच्या निदान ८० टक्के खर्च झालेच पाहिजेत, असं बंधन समितीने स्वतःवर घालावं.

हे सगळं करायला बिशपांच्या नव्या पत्रकाची गरज नाही. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती असायलाच हवी. ती फादरांना सल्ला देते, निर्णय फादरांचा असतो, म्हणून फादरांशी आधी बोला. त्यांच्या भत्त्याचा आणि विम्याचा प्रश्नही त्याच बैठकीत घ्या, म्हणजे ही मागणी त्यांच्याविरुद्ध आहे असं त्यांना वाटणार नाही. कलम १२८७ प्रमाणे लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यायचा असतो, तेव्हा फलकावर एक ओळ वाढवायची मागणीही रास्त आहे. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, अंदाजपत्रक फेब्रुवारीत बनतं, म्हणून विषय जानेवारीच्या बैठकीत आला पाहिजे. ठराव एवढाच ठेवा: "पॅरिशच्या सर्व उत्पन्नाचे १५ टक्के दर सोमवारी गरजूंच्या स्वतंत्र खात्यात जमा होतील, संत अंतोनीच्या पेटीची पूर्ण रक्कम त्याच खात्यात जाईल, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी नावांशिवाय फलकावर लागेल." सूचक, अनुमोदक आणि तारीख इतिवृत्तात नोंदवून घ्या.