मॅक्रे म्हणजे फक्त पोलीस बॉक्स नव्हे
स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराच्या पोलीस बॉक्सवरचा, म्हणजे पोलिसांसाठी रस्त्याकडेला उभारलेल्या छोट्या चौक्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांचे रचनाकार एबेनेझर मॅक्रे यांची ओळख त्या बॉक्सपुरतीच राहिली, याचं वाईट वाटलं. बॉक्स सुंदर आहेतच. ओतीव लोखंडाचे, पण घडण एखाद्या छोट्या ग्रीक देवळासारखी. काहींत आता कॉफी मिळते. मात्र १९२५ ते १९४६ हा माणूस शहराचा वास्तुविशारद होता आणि त्याचं खरं काम नगरपालिकेच्या घरांचं. शहरातल्या पियर्सहिल भागात जुन्या लष्करी बराकींच्या जागी त्याने घोड्याच्या नालेच्या आकाराच्या इमारती उभारल्या, मधे मोकळं अंगण ठेवून. भाड्याच्या सरकारी घरांसाठी एवढी आस्था! रॉयल माइल या शहराच्या ऐतिहासिक रस्त्यावरच्या जुन्या वास्तूंची पाहणीही त्याने केली. त्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.