मूळचे कुठले?

सांगलीच्या माझ्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले दोन आठवडे एकच वाद चालू आहे. परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना भारताकडून खेळू द्यावे की नाही, हा तो वाद. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने ठरवले की, भारतीय पासपोर्ट असेल त्यानेच भारताच्या संघातून खेळावे. त्याआधी टेनिसपटू विजय अमृतराज यांचा लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला मुलगा प्रकाश डेव्हिस करंडकात आपल्याकडून खेळत असे आणि अमेरिकेत जन्मलेली सुनीता राव त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाच्या जोडीने उतरली होती. आता फुटबॉलच्या निमित्ताने हा विषय पुन्हा निघाला आहे आणि गटातल्या बहुतेकांना नियम योग्यच वाटतो. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो, पण आमच्यापैकी एकाने लिहिले, ‘ज्याच्या आईची भाषा वेगळी, त्याला राष्ट्रगीत पाठ होईल, पण अंगावर काटा येणार नाही.’ हे वाक्य वाचल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

मी इटलीतल्या लुक्का शहरापासून दहा किलोमीटरवर, कागद कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो. इथून सेर्क्यो नदीच्या काठाने वर गेले की, सैतानाचा पूल ओलांडल्यावर बान्यी दि लुक्का लागते. इटलीची टेनिसपटू जास्मिन पाओलिनी तिथे वाढली. तिचा जन्म आणखी वरच्या अंगाला कास्तेलनुओव्हो दि गार्फान्याना इथला, ४ जानेवारी १९९६ चा. वडील इथलेच, आईची आई पोलंडची आणि आईचे वडील घानाचे. पाचव्या वर्षी वडील आणि काका तिला गावातल्या क्लबवर घेऊन गेले. उंची १ मीटर ६३ सेंटिमीटर. आजच्या महिला टेनिसमध्ये या उंचीच्या मुलीला प्रशिक्षक प्रेमाने दुहेरीकडे वळवतात.

माझ्या मित्राच्या सिद्धान्तानुसार या मुलीच्या अंगावर इटलीसाठी काटा यायला नको. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये मालागाला बिली जीन किंग करंडकाची, म्हणजे महिलांच्या सांघिक टेनिस स्पर्धेची, उपांत्य लढत इटली विरुद्ध पोलंड, म्हणजे तिच्या आजीच्या देशाविरुद्ध झाली. एकेरीत पाओलिनी इगा स्वियातेककडून तीन सेटमध्ये हरली. त्याच रात्री ती सारा एरानीच्या जोडीने पुन्हा कोर्टावर आली, समोर पुन्हा स्वियातेक होती, आणि या दोघींनी ७-५, ७-५ अशी लढत खेचून आणली. मग अंतिम फेरीत स्लोव्हाकियाला हरवून करंडक इटलीला आला आणि पुढच्या वर्षी शेनझेनमध्ये अमेरिकेला हरवून तो इटलीकडेच राहिला. हीच पाओलिनी पोलिश पत्रकारांशी पोलिशमध्ये बोलते. आईची भाषा तिने टाकलेली नाही आणि त्या भाषेने तिचा बॅकहँड ढिला केलेला नाही.

हे सगळे मी गटावर लिहिले. वरती हेही लिहिले की, तुझी स्वतःची आई अथणीची, ती स्वयंपाकघरात कानडी बोलायची आणि आम्ही तिच्या हातचे धपाटे खायला यायचो, तेव्हा तुझ्या महाराष्ट्रप्रेमाविषयी कोणी शंका घेतली नव्हती. हे लिहायला नको होते. त्या माउलीला जाऊन तीन वर्षे झाली आहेत.

मित्राने शांतपणे उत्तर दिले. पाओलिनीचा बाप इटालियन, जन्म इटलीतला, पासपोर्ट जन्मापासून इटलीचा. आपल्याकडचा नियम तिला लागू केला तरी ती निर्वेधपणे खेळेल. मग तिचे उदाहरण कशासाठी? त्याचे म्हणणे बिनतोड आहे. मी माझ्या सोयीचा दाखला उचलला होता. त्याने पुढे एक बातमी पाठवली. नागरिकत्वासाठी लागणारी दहा वर्षांच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवर आणावी का, यावर इटलीत ८ आणि ९ जून २०२५ रोजी सार्वमत झाले. निम्म्या मतदारांनी यायला हवे होते, आले सुमारे तीस टक्के. तुझा उदार देश तो हाच का, असे त्याने विचारले.

त्या रविवारचे मला सगळे आठवते. मला मताचा हक्क नव्हता. ज्यांना होता ते माझे शेजारी सकाळीच छत्र्या आणि शीतपेटी घेऊन व्हियारेज्जोला समुद्रावर गेले. आणि त्याच रविवारी पॅरिसमध्ये पाओलिनी आणि एरानी यांनी फ्रेंच ओपनची दुहेरी जिंकली. संध्याकाळी भाजून लाल झालेले शेजारी परतले तेव्हा जिन्यात एकाने मला आनंदाने सांगितले, ‘आपल्या मुली जिंकल्या.’ आपल्या! मी त्याला मतदानाविषयी विचारले नाही. पुढे वर्षभर त्याच जिन्यात त्याचे तोंड पाहायचे असते.

तरीही माझा हट्ट सुटत नाही, कारण पाओलिनीच्या कारकिर्दीत मला जे दिसते ते पासपोर्टच्या पलीकडचे आहे. २०२४ उजाडेपर्यंत ती एकाही ग्रँड स्लॅममध्ये दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेली नव्हती. विम्बल्डनच्या मुख्य फेरीत तिने एकही सामना जिंकलेला नव्हता. वय अठ्ठावीस. आमच्या सांगलीत एव्हाना तिला बँकेची परीक्षा द्यायला लावली असती. रेन्झो फुर्लान हे प्रशिक्षक वर्षानुवर्षे तिच्यासोबत राहिले, ती लहान स्पर्धा खेळत राहिली, आणि त्या वर्षी फेब्रुवारीत दुबई जिंकून ती फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. तिथे स्वियातेकने तिला तासाभरात गुंडाळले. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत डोना वेकिचविरुद्ध २-६, ६-४, ७-६ अशी २ तास ५१ मिनिटे ती झुंजली. तिथल्या महिलांच्या उपांत्य फेरीतला तो सर्वांत लांबलेला सामना. अंतिम सामन्यात ती बार्बोरा क्रेजिकोव्हाकडून तीन सेटमध्ये हरली, पण विम्बल्डनच्या एकेरीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली इटालियन स्त्री. त्याच उन्हाळ्यात एरानीसोबत ऑलिंपिक सुवर्ण, इटलीचे टेनिसमधले पहिलेच. मे २०२५ मध्ये रोमला इटालियन ओपनच्या अंतिम फेरीत राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला यांच्यासमोर तिने कोको गॉफला ६-४, ६-२ असे हरवले आणि दुसऱ्या दिवशी दुहेरीही जिंकली. १९८५ मध्ये राफाएल्ला रेज्जी जिंकली होती, त्यानंतर चाळीस वर्षांनी ही स्पर्धा घरच्या मुलीने जिंकली.

तो रोमचा सामना मी कारखान्याजवळच्या बारमध्ये पाहिला. पण मला सांगायचे आहे ते त्याच बारमधले, सव्वा वर्ष आधीचे. दुबईची स्पर्धा चालू होती, टीव्हीचा आवाज बंद होता, आणि पडद्यावर गव्हाळ रंगाची, दाट केसांची एक बुटकी मुलगी गुण जिंकल्यावर हसत होती. नावाच्या पट्टीवर इटलीचा झेंडा होता. मी बारवाल्याला विचारले, ‘ही मूळची कुठली?’ त्याने कॉफीच्या यंत्रावरून मान न उचलता, आम्ही ‘मिरजेची’ म्हणावे तसे, सांगितले, ‘बान्यीची.’ मी पुन्हा विचारले, ‘तसे नव्हे, मूळची?’ आता त्याने मान उचलली. तो एकोणीस वर्षे मला ओळखतो. काही बोलला नाही. कप पुढे सरकवला आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

हा प्रश्न इथे मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो आणि दर वेळी माझ्या कपाळावर आठी उमटते. गटावर मित्राच्या वाक्यावर मी एवढा का भडकलो, ते त्या बारमधले मला आठवल्यावर कळले.

नागरिकत्वासाठी मी केव्हाच पात्र आहे. अर्ज केलेला नाही. दर वेळी क्वेस्तूराच्या, म्हणजे पोलीस मुख्यालयाच्या, रांगेत उभा राहतो, पेर्मेस्सोसाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, बोटांचे ठसे देतो आणि निळा पासपोर्ट खिशात घालून घरी येतो. बायकोला मी सांगतो की वेळ मिळत नाही. मुलगी मात्र इथेच जन्मली. ऑक्टोबरमध्ये तिला अठरावे संपेल. इथला कायदा तिला एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे फक्त वर्षभर, नगरपालिकेत जाऊन इटालियन व्हायची मुभा देतो. तसे केले की भारताचा पासपोर्ट परत करायचा. ती क्लबवर टेनिस खेळते, तिचा दर्जा ४.३, म्हणजे हौशी खेळाडूंचा, आहे, त्यामुळे कोणत्याही देशाच्या निवड समितीला तिच्यावरून भांडावे लागणार नाही. मराठी ती उत्तम बोलते, फक्त ‘ळ’ म्हणताना अडखळते.

मित्राचा शेवटचा संदेश परवा आला. त्यात वादाचे काही नव्हते. ‘आईचे श्राद्ध चोवीसला आहे, यायला जमेल का?’ तिकिटे पाहिली. त्याच आठवड्यात मुलीची नगरपालिकेतली वेळ आहे आणि ती मीच ठरवून घेतली होती.