लक्ष्मीछाया

जुन्या घराच्या खरेदीखताचे आणि सातबाऱ्याचे स्कॅन मी २०१९ मध्ये फाइली आवळून बांधणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये कोंबून तिला पासवर्डचे कुलूप ठोकले, तेव्हा चोराचा विचार केला होता. स्वतःच्या विसराळूपणाचा केला नव्हता. परवा दादाने कागद मागितले. फाइलवर टिचकी मारली, तर आतल्या फाइलींची नावे दिसत होती, पण एकही उघडेना. लाडवांचा डबा काचेचा असावा आणि झाकण गच्च बसलेले असावे, तशी माझी गत झाली.

डायरीत मात्र नोंद सापडली : 'पासवर्ड – लक्ष्मीछाया, पुढे चार आकडे, शेवटी चिन्ह.' घराचे नाव मी सुवाच्य देवनागरीत लिहिले होते आणि पासवर्ड होता रोमनमध्ये! 'लक्ष्मी'त एक्स की के-एस-एच, शेवटी आय की दोन ई, 'छाया'त एच एक की दोन, पहिले अक्षर मोठे की लहान, असे नुसत्या नावाचेच सोळा अवतार झाले. त्यांना दहा हजार आकडे आणि माझ्या आवडीची पाच चिन्हे जोडली, तेव्हा आठ लाखांची यादी तयार झाली.

ती मी 'जॉन द रिपर' या, एकेक शब्द लावून पासवर्ड शोधणाऱ्या प्रोग्रामच्या स्वाधीन केली. सेव्हन-झिप पासवर्ड फाइलमध्ये ठेवतच नाही. दिलेला शब्द ५,२४,२८८ फेऱ्यांत घुसळून त्यातून किल्ली काढते, आणि चुकीच्या शब्दासाठीही तेवढेच घुसळावे लागते. चोराला दमवण्यासाठी केलेली ही योजना मालकालाही तितक्याच निष्ठेने दमवते. माझा म्हातारा लॅपटॉप सेकंदाला जेमतेम वीस शब्द तपासत होता. अकरा तास पंखा घरघरला, आणि सकाळी उत्तर आले : यातला एकही नाही.

चहा घेताना भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे लक्ष गेले. त्यात घराची पाटी होती. रंगाऱ्याने 'छाया'तला पहिला 'ए' गाळल्यामुळे इंग्रजीत घराचे नाव 'लक्ष्मीछ्या' झाले होते, आणि लहानपणी त्यावर आम्ही भावंडे पोट दुखेपर्यंत हसलो होतो. ती चूक मी पासवर्डात भक्तिभावाने जपली असणार. नवी यादी लावली आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला फाइल उघडली.

दादाला फोन केला.

"उघडली? पासवर्ड काय होता रे?"

"छ्या!"

"नसेल सांगायचा तर राहू दे," म्हणून त्याने फोन ठेवला.