सूर्य बाहेरच्या विजेवर चालत नाही

पुण्यातल्या आकाशनिरीक्षणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सूर्याच्या पोटात अणुसंमीलन (हायड्रोजनचे अणुगर्भ जुळून ऊर्जा निघणं) वगैरे काही होत नाही, आकाशगंगेतून वाहत येणारा विद्युतप्रवाह त्याला बाहेरून पेटवतो, असा त्याचा दावा. शाळकरी मुलं हे खरं मानू लागली आहेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजचा पहिला मुद्दा: ‘सौरडाग काळे दिसतात, म्हणजे आत थंड आहे.’ डाग म्हणजे आत डोकावायची खिडकी नव्हे. तिथलं प्रबळ चुंबकीय क्षेत्र खालून वर येणारी उष्णता अडवतं. त्यामुळे आजूबाजूला साडेपाच हजार अंश सेल्सिअस असताना डाग साडेतीन-चार हजारांवर राहतो आणि शेजारच्या झगझगाटापुढे काळा वाटतो, इतकंच.

दुसरा मुद्दा: ‘कोरोना, म्हणजे सूर्याचं सर्वांत बाहेरचं वातावरण, पृष्ठभागापेक्षा तप्त आहे, म्हणजे उष्णता बाहेरून येते.’ कोरोनाचं तापमान दहा लाख अंशांच्या वर आहे हे खरं. पण तो कमालीचा विरळ आहे. सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जेत तो तापलेला राहतो. ही ऊर्जा तिथे नेमकी कशी पोचते, यावर संशोधन उघडपणे चालू आहे. आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण आदित्य-एल१ या भारतीय यानावरून सूर्याची अतिनील छायाचित्रं घेते, ती याच कोड्याच्या शोधात.

आता मूळ दावा. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरमधून सुमारे १३६१ वॅट सूर्यप्रकाश बाहेर जातो. इंधन बाहेरून येत असेल, तर सरासरी तेवढीच ऊर्जा उलट दिशेने आत जाताना सापडायला हवी. यानांना सापडतो तो सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत सुटणारा विद्युतभारित कणांचा झोत. त्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोन्ही बाहेरच वाहतात, आणि त्याची ऊर्जा दर चौरस मीटरला साधारण वॅटच्या हजाराव्या भागाच्या आसपासच असते. प्रवाह ध्रुवांकडून येतो म्हणावं, तर युलिसिस यान १९९४-९५ मध्ये सूर्याच्या दोन्ही ध्रुवीय प्रदेशांवरून गेलं. तिथेही वारा बाहेरच, सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटर वेगाने.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत खटकतो, कारण त्यात अर्धीच गोष्ट सांगितली आहे: ‘संमीलनातून निघणारे न्यूट्रिनो (कशातूनही जवळपास न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण) सापडलेच नाहीत.’ भौतिकशास्त्रज्ञ रेमंड डेव्हिस यांना अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच न्यूट्रिनो मिळाले, हे खरं. मेसेज तिथेच थांबतो. डेव्हिस यांचं उपकरण एकाच प्रकारचे न्यूट्रिनो टिपत होतं आणि वाटेत ते प्रकार बदलतात. कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत जड पाण्याच्या टाकीत २००१-०२ मध्ये तिन्ही प्रकार धरून मोजणी झाली, आणि बेरीज संमीलनाच्या गणिताशी जुळली. त्यासाठी २०१५ चं नोबेलही मिळालं. पुढे इटलीत बोरेक्सिनो या न्यूट्रिनो टिपणाऱ्या उपकरणाने २०१४ साली प्रोटॉन-प्रोटॉन संमीलनाच्या पहिल्याच पायरीचे न्यूट्रिनो थेट टिपले. गाभ्यातून निघून सव्वाआठ मिनिटांत पोचणाऱ्या या कणांवरून काढलेली ऊर्जा सूर्याच्या प्रकाशाशी जुळते.

हे दाखवलं की काहीजण म्हणतात, ‘मग संमीलन पृष्ठभागावर होत असेल.’ तसं असतं, तर त्यातून निघणारे गॅमा किरण अडवायला वर काहीच उरलं नसतं आणि शांत सूर्यही गॅमा दुर्बिणींत लखलखला असता. तो तसा दिसत नाही.