पीएच.डी.च्या मुलाखतीला वही घेऊन या

"मॅडम, एकही रिसर्च पेपर नाही, चालेल का?" मुलाखतीचे दिवस आले की रोज कुणाचा तरी हा मेसेज येतो.

चालेल. अहो, विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या यूजीसीने 2022 च्या नियमावलीत थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीसुद्धा काढून टाकली. मग प्रवेशालाच दोन-दोन पेपर कशाला हवेत? पण पोरं आणतात. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नल्सची कमी नाही. आणि पॅनेलवरचे काहीजण ते मोजतातही.

पात्रता साधी आहे. मास्टर्सला 55 टक्के, राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत. किंवा चार वर्षांची पदवी आणि 75 टक्के. 2024 पासून नेट या पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरतात. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळालेल्यांची फक्त मुलाखत, बाकीच्यांना नेटचे 70 टक्के आणि मुलाखतीचे 30. माझं भांडण त्या 70 शी नाही. पण नेटला चारातला एक पर्याय बरोबर असतोच, लॅबमध्ये कित्येकदा चारही चुकीचे निघतात. तिथे माणूस काय करतो हे कळायला हातात ते 30 टक्केच उरतात, आणि ते आपण "टेल अस अबाउट युवरसेल्फ"मध्ये घालवतो.

मागे एका मुलाखतीला मराठवाड्यातली एक मुलगी आली होती. केमिस्ट्रीची एम.एस्सी. इथलीच, मुंबईच्या उपनगरातल्या कॉलेजातली, मार्क बेताचे. इंग्रजीत अडखळायला लागली तेव्हा म्हटलं, मराठीत सांग. तिने सरळ प्रयोगांची वही उघडली. तोच पदार्थ, तेच सॉल्व्हंट, पण टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा थर दिलेली पट्टी, सॉल्व्हंटबरोबर पदार्थाचा ठिपका तिच्यावर चढतो) आरएफ, म्हणजे सॉल्व्हंटच्या मानाने ठिपका किती वर चढला तो आकडा, एप्रिलमध्ये 0.4 आणि जुलैत 0.55. आधी तिला सॉल्व्हंटचा संशय आला, ते नवीन बनवून पाहिलं, फरक नाही. मग प्लेटा ओव्हनमध्ये 110 अंशांवर तापवून पुन्हा लावल्या आणि ठिपका खाली, जागेवर आला. पावसाळ्यातल्या दमट हवेत सिलिका पाणी शोषते आणि ठिपका जास्त वर चढतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. फसलेल्या प्लेटांच्या नोंदीही तारखेसकट तशाच होत्या, एक पान फाडलेलं नाही.

मला उमेदवारात हे हवं असतं. ओरिजिन, केमड्रॉसारखी सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत येतात. इंग्रजी लागतंच, थिसिस त्यातच लिहायची आहे, पण ते पहिल्या दोन वर्षांत सुधारतं. आकडे जसे आले तसे लिहायची सवय मात्र सव्विसाव्या वर्षी कुणाला लावता येते, असं मी तरी पाहिलेलं नाही. (पीएच.डी.च्या जाहिरातीतला तो 'हायली मोटिव्हेटेड' उमेदवार कसा ओळखायचा, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.)

तेव्हा मुलांनो, प्रोजेक्टची वही आणा. कॉलेजने ठेवून घेतली असेल तर पानांचे फोटो चालतील.

आणि तुम्हीही विचारा. जेआरएफ जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे, पण सगळ्यांना जेआरएफ नसते. प्रोजेक्टमधून पैसे मिळणार असतील तर प्रोजेक्ट संपल्यावर काय? मुंबईत भाडं भरून राहायचं आहे, लाजू नका. गाइडकडे आधीच किती विद्यार्थी आहेत तेही विचारा. प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएटला 6, असिस्टंटला 4 अशी मर्यादा आहे. आधीच्यांना किती वर्षं लागली, हे गाइडना नाही, लॅबमधल्या सीनियरला खाली कॅन्टीनमध्ये विचारा.