लिसा फर्नांडेझ ‘सहायकच’ राहिली, त्याबद्दल

नमस्कार,

लिसा फर्नांडेझवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं मिळवलेली अमेरिकेची सॉफ्टबॉल पिचर (बॅटरला चेंडू टाकणारी खेळाडू) आपल्याच जुन्या विद्यापीठात, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये, सहायक प्रशिक्षक म्हणून परतते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते, यात कौतुक कसलं? घरचं माणूस म्हणून तिला घेतलं असणार. शिवाय थोर खेळाडू चांगला शिक्षक असतोच असं नाही, आणि उपजत देणगी शिकवता येत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘दुसऱ्यांच्या मुलींना चेंडू टाकायला शिकवण्यात सगळी उमेद संपली.’ खरं सांगायचं तर या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले.

थोर खेळाडू आपोआप चांगला शिक्षक होत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. ज्याला एखादी गोष्ट सहज जमते, त्याला ती कशी जमते हे बहुधा सांगता येत नाही. पण लिसाला पिचिंग सहज जमलेलं नव्हतं. ती साधारण १२ वर्षांची असताना एका नावाजलेल्या प्रशिक्षकाने तिला सांगितलं होतं, की तुझी शरीरयष्टी पिचरची नाही, सोळाव्या वर्षानंतर तू टिकणार नाहीस. त्याच्या मापात ती बसत नव्हती. घरी तिची आई कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारी, होऊन तिच्यासमोर बसायची. पुढे १९९० ते १९९३ या चार वर्षांत यूसीएलएकडून तिने ९३ सामने जिंकले आणि फक्त ७ हरले. १९९३ मध्ये पिचिंगची सरासरी (दर सामन्याला दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) आणि फलंदाजीची सरासरी, दोन्हींत ती देशात पहिली होती. जिला शरीराचं माप काढून नाकारलं गेलं, तिला आपल्या शरीरातून वेग कुठून आणायचा हे एकेक करून शोधावं लागलं असणार. असं शोधलेलं ज्ञान दुसऱ्याला देता येतं. देणगी मात्र देता येत नाही, इथे तुमचं बरोबर आहे.

‘चेंडू टाकायला शिकवणं’ म्हणजे काय, तेही बघू. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभी असते तिथपर्यंत, अंतर ४३ फूट. पिचर पुढे झेप घेते, त्यामुळे चेंडू सुटतो तेव्हा ते आणखी कमी झालेलं असतं. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत यायला जेमतेम ०.४ सेकंद लागतात. हात पूर्ण गोल फिरून कमरेजवळ येतो आणि तिथे मनगटाची शेवटची वळवण सगळं ठरवते. राइज बॉलला, म्हणजे वर उठल्यासारख्या वाटणाऱ्या चेंडूला, उलटी फिरकी लागते. ती नीट बसली, तर चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. ड्रॉपची, म्हणजे झपकन खाली पडणाऱ्या चेंडूची, फिरकी नेमकी त्याच्या विरुद्ध. चेंज-अपला हात तितक्याच जोरात फिरवायचा आणि चेंडू मात्र हळू सोडायचा. बोटं जराशी चुकली तर राइज बॉल सरळ बॅटच्या मध्यावर जातो. तिथल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पुढचा चेंडू कोणता, हे बहुतेक वेळा डगआउटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवरून) प्रशिक्षकच ठरवून सांगतो. म्हणजे पिचिंग कोच प्रत्येक चेंडूआधी निर्णय घेत असते, आणि तो चुकला तर त्याची किंमत मैदानावर एकटी उभी असलेली मुलगी मोजते.

मूळ लेखात एका गोष्टीवर मी फार घाईने लिहिलं होतं. लिसाचे दोन पराभव मला तिच्या पदकांपेक्षा मोठे वाटतात. १९९६, अटलांटा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध दहाव्या इनिंगपर्यंत (एरवी सामना सात इनिंगचा, म्हणजे दोन्ही संघांच्या सात-सात पाळ्यांचा) तिने एकाही बॅटरला बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचू दिलं नव्हतं. बरोबरी फोडण्यासाठीच्या टाय-ब्रेकच्या नियमाने दुसऱ्या बेसवर ठेवलेली एक धावपटू होती, तेवढीच. दोन बाद, दोन स्ट्राइक (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, तीन बाद झाल्या की पाळी संपली). आता एकच स्ट्राइक हवा होता, आणि होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारा फटका, गेला. सामना २-१ असा हरला. चार वर्षांनी सिडनीत पुन्हा ऑस्ट्रेलिया. १३ इनिंग, लिसाचे २५ स्ट्राइकआउट, ऑलिम्पिकमधला विक्रम. आणि तेराव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना होमरन, पुन्हा २-१ अशी हार. अमेरिकेचा तो त्या स्पर्धेतला सलग तिसरा पराभव होता. त्यानंतर तो संघ उठला, आणि जपानविरुद्धच्या अंतिम सामन्यात चेंडू पुन्हा लिसाच्याच हातात होता. तो त्यांनी आठव्या इनिंगमध्ये २-१ असा जिंकला.

आता अमेरिकेतल्या कॉलेज विजेतेपदाचा २०१९ चा अंतिम सामना घ्या. यूसीएलए विरुद्ध ओक्लाहोमा, यूसीएलएची पिचर रेचल गार्सिया. त्याआधी वॉशिंग्टनविरुद्ध उपांत्य सामन्यात तिने दहा इनिंग टाकल्या होत्या, १७९ चेंडू, आणि दहाव्या इनिंगमध्ये स्वतःच तीन धावांचा होमरन मारून सामना संपवला होता. अंतिम सामन्यात सातव्या इनिंगला यूसीएलए ४-३ ने पुढे, दोन बाद, आणि रेचलला होमरन बसला. ४-४. रेचलने पुढची बॅटर बाद केली. त्याच इनिंगमध्ये आपल्या फलंदाजीच्या पाळीत यूसीएलएने एक धाव काढली आणि विजेतेपद मिळवलं. त्या एका होमरननंतर पुढचा चेंडू टाकायला जे लागतं, ते डगआउटमधल्या एका बाईला दोनदा, सगळ्या जगासमोर, भोगावं लागलं होतं. हे कुठल्या पुस्तकातून शिकवता येईल, मला सांगा.

‘घरचं माणूस’ हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. आपल्याच लोकांना घेत राहिलं तर पद्धती शिळ्या होतात, हा धोका खरा आहे. यूसीएलएची मुख्य प्रशिक्षक केली इनोये-पेरेझ तर कॉलेजात लिसाचीच सहकारी, तीही कॅचर. पण पिचर आणि कॅचर एकमेकींना जसं ओळखतात तसं क्वचित कोणी ओळखत असेल. मी स्वतः कॅचर होते, म्हणून हे ठामपणे सांगते. त्यातली एक मुख्य आणि दुसरी सहायक, याला मी उतरंड मानत नाही. ती दोघींची कामाची वाटणी आहे.

आणि तिने जायचं तरी कुठे होतं? २००८ नंतर सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमधून काढला गेला. तो टोकियोत परत आला, पॅरिसला पुन्हा नव्हता, आता २०२८ ला येतो आहे. या खेळात मुलींना वर्षभर नीट मैदान, डॉक्टर आणि प्रेक्षक मिळतात ते मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांत. लिसा तिथे गेली कारण काम तिथे होतं.

आमच्या कॉलेजच्या मैदानावर एक ताई यायच्या. आमच्या आधी सहा-सात वर्षं त्या तिथेच पिचर होत्या. नोकरी सुटली की स्कूटरवरून थेट मैदानात. मानधन नाही, पद नाही. अंधार पडेपर्यंत त्या पिचरच्या कोपराकडे बघत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘बसला ना होमरन? टाक पुढचा.’ आमची पिचर त्यामुळे विद्यापीठाच्या संघात गेली. ताईंची उमेद संपलेली मी कधी पाहिली नाही. तुमचं ते वाक्य वाचताना मला लिसा नाही, ताई आठवल्या.

एका बाबतीत मात्र चूक माझी आहे आणि ती तुम्ही दाखवलीत. ‘रेचल गार्सियाला लिसाने घडवलं’ असं मी लिहिलं होतं. गुडघ्याचं लिगामेंट फाटल्यामुळे २०१६ चा अख्खा मोसम बाहेर बसून परत आलेल्या मुलीबद्दल असं लिहिणं अन्यायाचं आहे. मूळ लेखात ते वाक्य आता असं केलं आहे : ‘रेचल चेंडू टाकत होती तेव्हा लिसा डगआउटमध्ये उभी होती.’